मनाची झाडलोट

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात समाजसेवा व समुपदेशन विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्यासपीठावरून दरवर्षी नवी यंत्रसामग्री, शस्त्रक्रियांची संख्या आणि जमाखर्च यांविषयी निवेदन केले जाते, आणि ते उचितच आहे. यंदा विश्वस्तांनी आम्हांस मनाविषयी बोलण्याची आज्ञा केली. आम्ही म्हणजे समाजसेवा विभागातील तिघे, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि सकाळची पाळी सुरू होण्यापूर्वी पंधरा मिनिटे आमच्यासोबत येऊन बसणाऱ्या काही परिचारिका. आमच्यापैकी कोणीही स्वतःस साधक म्हणवून घेण्याच्या योग्यतेचे नाही. ध्यानाचा विषय आम्ही शोधीत गेलो नाही. तो आमच्याच दारात येऊन बसला होता. अतिदक्षता विभागाबाहेर जे लांबलचक बाकडे आहे, त्यावर.

ते बाकडे आपणांपैकी अनेकांनी पाहिले आहे. काहींनी त्यावर रात्री काढल्या आहेत. पायाशी कापडी पिशवी, पिशवीत तपासण्यांची फाइल, घरून आलेला पण न उघडलेला डबा, हातात मोबाइल. आतले दार किंचित किलकिले झाले की सगळ्या माना एकदम वर होतात, आणि दुसऱ्याच कोणाचे नाव पुकारले गेले की पुन्हा खाली जातात. या बाकड्यावरचा माणूस नुसता बसून आहे, असे येणाऱ्या-जाणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात गावाकडे गुरांना पाणी कोण दाखवील, मुलीच्या परीक्षेचे काय, रक्ताच्या पिशवीसाठी कोणाला फोन करावा, मेहुण्याकडून घेतलेले पैसे केव्हा परत करावयाचे, हे सारे त्याच्या मनात एकाच वेळी चाललेले असते. आणि या सर्वांच्या तळाशी एक प्रश्न असतो, जो तो कोणालाही विचारीत नाही.

काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलाचे वडील हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर बरे होऊन घरी निघाले. रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज रात्री एकदाच द्यावयाची, ठरलेल्या दिवशी रक्त तपासून घ्यावयाचे, असे त्यास सांगण्यात आले. त्याने प्रत्येक वाक्यास मान हलविली, कागदावर सही केली, आमचे आभारही मानले. नवव्या दिवशी तो वडिलांना घेऊन परत आला. हिरड्यांतून आणि नाकातून रक्त येत होते. गोळी सकाळी आणि रात्री अशी दोन वेळा दिली गेली होती. वडील वाचले, पण पुढील आठवडा आम्हां सर्वांस जड गेला.

त्या मुलास कोणी बेजबाबदार म्हणू नये. तो शिकलेला होता, वडिलांवर त्याचा जीव होता. पुढे शांतपणे विचारले तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही बोलत होता तेव्हा मी बिलाचा हिशेब करीत होतो. तुमचे ओठ हलताना दिसत होते, एवढेच." आणि आम्ही तरी काय करीत होतो? दुपारी एकची वेळ, पुढचा रुग्ण खाटेसाठी थांबलेला, सांगणाऱ्याचे लक्ष घड्याळाकडे. सांगणारा आणि ऐकणारा दोघेही त्या खोलीत नव्हते. या घटनेची चौकशी करताना आमच्या लक्षात आले की औषधांची नोंदवही, सह्या, शिक्के, सर्व काही जागच्या जागी होते. जागेवर नव्हते ते फक्त लक्ष.

तेव्हापासून आम्ही या विषयाकडे गांभीर्याने पाहू लागलो.

ध्यान म्हटले की आपल्या समाजात दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटतात. एक, ते आमच्यासारख्या संसारी माणसांचे काम नव्हे. दुसरी, त्याने सर्व रोग बरे होतात. दोन्हींतून सुटण्यासाठी थोडा इतिहास पाहणे उपयुक्त ठरते. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाची रीत सांगितल्यावर अर्जुन तक्रार करतो की हे मन आवरणे म्हणजे वारा मुठीत धरण्यासारखे आहे. श्रीकृष्ण त्याची तक्रार खोडून काढीत नाहीत, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. मन चंचल आहे हे ते मान्य करतात आणि मगच अभ्यासाविषयी बोलतात. ज्ञानेश्वर माउलींनी इ. स. १२९० मध्ये याच अध्यायावर आसनापासून श्वासापर्यंतचे विस्तृत निरूपण मराठीत केले. म्हणजे हा विषय आपल्या भाषेस सातशेहून अधिक वर्षे परिचित आहे.

त्यास प्रयोगशाळेत नेण्याचे श्रेय मात्र लोणावळ्याकडे जाते. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये तेथे कैवल्यधाम आश्रम स्थापन केला आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले. यौगिक क्रिया चालू असताना शरीरात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने आणि दाब मोजण्याच्या उपकरणांनी तपासले. योगाची थोरवी गाणारे त्या काळी पुष्कळ होते. 'मोजून पाहू या' असे म्हणणारे विरळा. रुग्णालयातील माणसांना हा पुरुष आपला वाटतो तो यामुळेच.

दुसरी वाट ब्रह्मदेशातून इगतपुरीस आली. सत्यनारायण गोएंका यांचा जन्म १९२४ मध्ये मंडाले येथे एका व्यापारी कुटुंबात झाला. त्यांना अर्धशिशीचा असह्य त्रास होता आणि वेदना थांबविण्यासाठी मॉर्फिन टोचून घ्यावे लागे. त्या औषधाचे व्यसन जडेल या भीतीने परदेशी उपचारही करून झाले. अखेर १९५५ मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकण्यास गेले. ऊ बा खिन हे संन्यासी नव्हते. ते स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल होते, सरकारी जमाखर्च तपासणारे अधिकारी. आमच्या लेखा विभागातील मंडळींना हे ऐकून विशेष आनंद होतो! केवळ डोकेदुखी घालविण्यासाठी आलेल्या गोएंकांना त्यांनी आरंभी प्रवेश नाकारला. व्याधी बरी करणे हा या साधनेचा हेतू नव्हे, ती बरी झाली तर तो आनुषंगिक लाभ, अशी त्यांची भूमिका होती. गोएंका १९६९ मध्ये भारतात आले, त्याच वर्षी मुंबईत त्यांचे पहिले शिबिर झाले आणि १९७६ पासून इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र उभे राहिले. तेथील दहा दिवसांच्या शिबिरास शुल्क नाही. पूर्वी शिबिर केलेल्यांनी स्वेच्छेने दिलेल्या दानावर ते चालते. येथे बसलेल्या देणगीदारांना या व्यवस्थेचे मोल वेगळे सांगावयास नको.

तिसरी वाट अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुस्टर या गावच्या वैद्यकीय महाविद्यालयातून गेली. रेणवीय जीवशास्त्राचे शिक्षण घेतलेले जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये तेथील रुग्णालयात ताण हलका करण्याचा एक अभ्यासवर्ग सुरू केला. नेहमीच्या उपचारांनी ज्यांच्या जुनाट वेदना कमी झाल्या नव्हत्या, असे रुग्ण त्यांच्याकडे पाठविले जात. अशा ५१ रुग्णांवरील त्यांचा पहिला शोधनिबंध १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे या वर्गाचे आठ आठवड्यांचे रूप रूढ झाले. त्याची सुरुवात एका मनुक्याने होते, हे सांगितले की आमच्याकडे लोक हसतात. मनुका हातात घ्यावयाचा, न्याहाळावयाचा, वास घ्यावयाचा, जिभेवर ठेवावयाचा आणि मग सावकाश चावावयाचा. एका मनुक्यास तीन-चार मिनिटे. आम्ही हा प्रयोग तासगावच्या बेदाण्यावर केला. सांगली भागातील एक आजोबा म्हणाले, "उभा जन्म द्राक्षाच्या बागेत गेला, पण बेदाण्याला देठाकडे वेगळी चव असते हे आज कळले."

आता, या सर्व मार्गांत करावयाचे असते तरी काय? अगदी आरंभीचा भाग सांगतो, कारण आम्ही तेवढाच शिकवितो. पाठ ताठ पण न ताणता बसावे. पाय जमिनीस टेकलेले असावेत. श्वास नाकातून आत जातो आणि बाहेर येतो, तेथे लक्ष ठेवावे. श्वास बदलावयाचा नाही, नुसता पाहावयाचा. काही क्षणांतच मन निसटते. ते बिलाकडे जाते, घराकडे जाते, दहा वर्षांपूर्वीच्या भांडणाकडेही जाते. ते गेले आहे असे लक्षात आले की त्यास न रागावता परत श्वासाकडे आणावे. पुन्हा निसटते, पुन्हा आणावे. बहुतेकांना वाटते की मन निसटले म्हणजे ध्यान बिघडले. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. निसटलेले मन ध्यानात येणे आणि ते परत आणणे हाच व्यायाम होय. हात वाकवून सरळ केल्याखेरीज दंडाला जसे बळ येत नाही, तसेच हे आहे.

मन रिकामे करण्याची भाषा आम्ही मुद्दामच टाळतो. घरात माणसे नांदत असतील तर केर हा होणारच. गृहिणी सकाळी अंगण झाडते तेव्हा ते जन्मभर स्वच्छ राहील अशी तिची अपेक्षा नसते, आणि उद्या पुन्हा पाने पडणार म्हणून ती झाडावयाचेही सोडीत नाही. आमच्या प्रसूती विभागात साफसफाई करणाऱ्या एक मावशी आहेत. त्या फरशी पुसतात तेव्हा मागे मागे सरकत, एकामागून एक पट्टा घेत जातात. कोणी मध्येच ओला पाय उमटविला तर बडबड न करता तेवढा तुकडा पुन्हा पुसतात. ध्यान शिकविताना आम्ही नवीन लोकांना त्यांचे उदाहरण देतो. मावशींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मी बडबडत नाही कोण म्हणालं? मनात बडबडते की!" हे उत्तरही आम्ही आता शिकवणीत सांगतो.

मन किती वेळ निसटलेले असते याविषयी एक अभ्यास १९१० नव्हे, अगदी अलीकडे, २०१० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २,२५० प्रौढांना त्यांच्या मोबाइलवर दिवसभरात अधूनमधून विचारले की आपण या क्षणी काय करीत आहात, आपले मन कोठे आहे आणि आपणांस कसे वाटत आहे. जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातील कामावर नव्हते. आणि मन भटकत असताना लोक कमी सुखी होते. सुखद विचारांत रमलेलेदेखील कामात गढलेल्यांपेक्षा अधिक सुखी नव्हते. आमच्या बाकड्यावर हे प्रमाण किती भरेल याची कल्पना आपणच करावी.

श्वासाचीच निवड का, याचे कारण शरीररचनेत आहे. हृदयाची गती, पचन, घाम यांवर आपली थेट सत्ता चालत नाही. श्वास मात्र आपोआप चालतो आणि हवा तेव्हा हातीही घेता येतो. उच्छ्वास लांबला की मेंदूपासून हृदयापर्यंत गेलेल्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा प्रभाव वाढतो आणि नाडी किंचित मंदावते. भयाने धडधडणाऱ्या छातीस 'शांत हो' असे सांगून काही होत नाही; सावकाश सोडलेल्या श्वासाची भाषा तिला कळते.

एवढे सांगितल्यावर याच्या मर्यादाही सांगणे आमचे कर्तव्य आहे, कारण आम्ही प्रवचनकार नसून रुग्णालयाचे सेवक आहोत. ध्यानाच्या उपयोगाविषयी २०१४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या एका नियतकालिकात ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत एकूण ३,५१५ व्यक्तींचा समावेश होता. चिंता, खिन्नता आणि वेदना यांत अल्प ते मध्यम सुधारणा दिसते, असा त्याचा निष्कर्ष होता. औषधे, व्यायाम किंवा अन्य उपचारांपेक्षा ध्यान श्रेष्ठ असल्याचा पुरावा मात्र आढळला नाही. पुढे २०२२ मध्ये चिंताविकार असलेल्या २७६ जणांच्या एका चाचणीत आठ आठवड्यांचा वर्ग हा एस्सिटालोप्राम या प्रचलित औषधाच्या तुलनेत कमी ठरला नाही. यावरून कोणी आपली गोळी बंद करू नये. त्या चाचणीतील लोक तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होते. हृदयविकाराबाबतही अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये एवढेच म्हटले की ध्यान हे नेहमीच्या उपचारांस पूरक म्हणून विचारात घेता येईल. पूरक हा शब्द आमच्या खोलीतील फळ्यावर कायमचा लिहून ठेवला आहे.

तो का लिहिला, हे सांगणे आम्हांस सोपे नाही, परंतु सांगितलेच पाहिजे. आमचा वर्ग सुरू होऊन काही महिने झाले होते. लोकांना बरे वाटत होते, आमचा उत्साह वाढला होता. अशात अपघातात पती गमावलेली एक तरुण भगिनी भावाच्या आग्रहावरून आली. तिची झोप उडाली होती. आम्ही तिला नेहमीप्रमाणे डोळे मिटून बसावयास सांगितले, "थोड्या वेळाने बरे वाटेल" असेही म्हणालो. पाच मिनिटांत ती थरथरत उठली. डोळे मिटताच तिच्यासमोर तो रस्ता उभा राहिला होता. आमच्यापैकी एकीने तर तिला "अजून थोडे बसा" असे सुचविले. आम्ही तिला मानसोपचार विभागात त्याच क्षणी नेले नाही. दुसऱ्या दिवशी नेले. ती मधली रात्र तिने कशी काढली, हे तिच्या भावाने आम्हांस ऐकविले आणि आम्ही मान खाली घालून ऐकले.

पुढे रीत बदलली. कोणासही डोळे मिटण्याची सक्ती नाही. अर्धोन्मीलित नजर समोरच्या फरशीवर ठेवली तरी चालते. नुकताच आघात सोसलेली व्यक्ती, कित्येक दिवस न झोपलेली, जीव नकोसा झाल्याचे बोलणारी, किंवा जिला भास होतात अशी व्यक्ती प्रथम मानसोपचारतज्ज्ञांकडे जाते. ध्यानाचा विचार नंतर, तोही त्यांच्या सल्ल्याने. घरी गेल्यावर रात्री-अपरात्री मन हाताबाहेर जात आहे असे वाटले तर शासनाची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक प्रतीक्षागृहाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावला आहे. आपणही टिपून घ्यावा.

बसण्याच्या पंधरा मिनिटांपेक्षा दिवसभरातील लहानसहान सवयींनीच आमच्याकडे अधिक काम केले, असे आता वाटते. हात धुण्याचे उदाहरण घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या रीतीनुसार साबणाने हात धुण्याची संपूर्ण क्रिया ४० ते ६० सेकंदांची आहे. परिचारिका ती दिवसातून कितीतरी वेळा करते. पूर्वी त्या वेळात पुढच्या खाटेचा विचार चाले. आता काही भगिनी तेवढा वेळ फक्त पाण्याचा स्पर्श, बोटांच्या बेचक्या, मनगट यांकडे लक्ष देतात. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही आणि हातही अधिक नीट धुतले जातात. संसर्ग नियंत्रणाचे काम पाहणाऱ्या आमच्या सिस्टरना या दुसऱ्या लाभाचेच अधिक कौतुक आहे. औषधांच्या गाडीपाशी दुसरी सवय लागली: वेष्टनावरील नाव वाचण्यापूर्वी एक श्वास. तेवढ्या वेळात कोणी हाक मारली तरी मान वळवावयाची नाही.

नातेवाइकांसाठी आम्ही याहून साधे काही सुचवितो. चहाचे पहिले तीन घोट मोबाइल खिशात ठेवून घ्यावेत. वॉर्डाचा जिना चढताना पावले मोजू नयेत, ती टेकताना जाणवू द्यावीत. आणि एक वही बाळगावी. रात्री बाकड्यावर पडल्यावर जे जे मनात येते ते वहीत उतरवावे. डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न एका पानावर, घरच्या काळज्या दुसऱ्या पानावर. लिहून ठेवलेली गोष्ट मनास पुन्हा पुन्हा उगाळावी लागत नाही. सकाळी पहिले पान डॉक्टरांसमोर उघडावे. कोविडच्या २०२० आणि २०२१ या वर्षांत नातेवाइकांना आत येता येत नव्हते, तेव्हा दूरध्वनीवरील दोन मिनिटांच्या बोलण्यात ज्यांच्याजवळ अशी वही होती त्यांचेच प्रश्न विचारून पूर्ण होत. घरी पाठविताना आता आम्हीही नियम पाळतो: सूचना सांगून झाल्या की त्या नातेवाइकाने स्वतःच्या शब्दांत परत सांगावयाच्या. मान हलविणे ग्राह्य धरले जात नाही!

येथे विश्वस्त आणि देणगीदार यांच्यापुढे एक गोष्ट मोकळेपणाने मांडतो. एका उदार देणगीदारांनी आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ संगमरवरी ध्यानमंदिर बांधून देण्याची तयारी दर्शविली होती. त्यांच्या भावनेविषयी आम्हांस नितांत आदर आहे. तरीही आम्ही त्यांच्या घरी जाऊन विनंती केली की हा निधी प्रतीक्षागृहासाठी द्यावा. पाठीला टेकू असलेली बाकडी, स्त्रियांसाठी स्वच्छ आणि कडी लागणारी स्वच्छतागृहे, गरम पाणी, रात्री अंग टाकण्यास चटया आणि सामान ठेवण्यास कुलपाची कपाटे. तीन रात्री ज्याचा डोळ्याला डोळा लागलेला नाही, त्याला ध्यानाची नव्हे, झोपेची गरज असते. चप्पल चोरीस जाईल या धास्तीने ती उशाशी घेऊन निजणाऱ्यास श्वासाकडे लक्ष द्या असे सांगणे ही त्याची थट्टा ठरेल. ते गृहस्थ काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आई असती तर तिनेही हेच मागितले असते." प्रतीक्षागृहात त्या माउलींच्या नावाची पाटी आपण येताना पाहिली असेल.

पैशाच्या काळजीविषयीही हेच. आमच्याकडे येणाऱ्या अस्वस्थतेपैकी बराच भाग अज्ञानाचा असतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांतील दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. त्यासाठी रुग्णालयाच्या एकूण देयकांतील दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. अनेक कुटुंबांना हे ठाऊकच नसते, आणि ती रात्रभर दागिने मोडण्याचा हिशेब करीत बसतात. म्हणून आमच्या सकाळच्या वर्गात प्रथम पाच मिनिटे याची माहिती दिली जाते, कोणती कागदपत्रे लागतात ते सांगितले जाते, आणि त्यानंतरच पाठ ताठ करून बसण्यास सांगितले जाते. कोणी म्हणेल, हे ध्यान नव्हे. नसेल. पण त्यानंतर लोकांचे खांदे खाली येतात, हे आम्ही रोज पाहतो.

वर्ग तळमजल्यावर, औषधांच्या दुकानामागील खोलीत, रोज सकाळी साडेसात वाजता असतो. शुल्क नाही, नाव नोंदवावे लागत नाही, कोणत्या धर्माचे आहात असे कोणी विचारीत नाही. ज्याला नामस्मरण करावयाचे असेल त्याने ते करावे, ज्याला तस्बीह ओढावयाची असेल त्याने ती ओढावी. खोलीत सध्या दोन पंखे आहेत, त्यांपैकी एक आवाज करतो. तो दुरुस्त करून घेण्याचे आम्ही दोनदा ठरविले आणि दोनदा विसरलो, हेही प्रांजळपणे नमूद करतो.

आरंभी ज्यांच्या मुलाविषयी बोललो ते वडील आजही तपासणीसाठी येतात. त्यांच्यासोबत बहुधा त्यांच्या पत्नी असतात. त्या आमच्या वर्गात एकदाच बसल्या आणि "मला नाही जमायचे हे" म्हणून उठल्या. परवा भेटल्या तेव्हा सहज विचारले की गोळ्यांचे कसे काय चालले आहे. त्या म्हणाल्या की रात्रीची भांडी झाली की त्या ओटा कोरडा करतात, दूरदर्शन संच बंद करावयास लावतात, मुलाला समोर बसवितात आणि गोळी तळहातावर घेऊन तिचा रंग आणि नाव मोठ्याने वाचून मगच यजमानांना देतात. वाचून होईपर्यंत घरात कोणी बोलावयाचे नाही, असा त्यांचा दंडक आहे. मुलगा वहीत खूण करतो. वही त्यांनी पिशवीतून काढून दाखविली; एकही दिवस कोरा नव्हता.